कोंबडीसकट

सौदा ठरला तेव्हा बुरुल-एजे म्हणाल्या,
गाडी न्या, पण कोंबडी तिच्यातच राहते.
मग तीही आली,
नारिनपर्यंत, ट्रॉलीवर, स्टिअरिंगमागे बसून,
जणू तीच चालवतेय.

गाझ एकोणसत्तर. साल बासष्ट.
मी दातांचा डॉक्टर, कीड मला ओळखता येते.
तळाचा पत्रा बोटाने दाबला,
बोट आरपार.

दिवसभर माणसांची तोंडं,
रात्री कार्बोरेटरचं.
तीच बारीक सुई, तोच इवलासा आरसा,
फक्त हा पेशंट विव्हळत नाही
आणि उधारी माझ्याच नावावर मांडतो.

हिवाळ्यात रंग खरवडायला घेतला.
हिरव्याखाली निळा,
निळ्याखाली पांढरा,
पांढऱ्यावर एक पुसट लाल फुली.
म्हणजे ही दवाखान्याची गाडी होती!

फोन केला.
एजे बराच वेळ काही बोलल्याच नाहीत.
मग म्हणाल्या,
नवऱ्याने लिलावात घेतली तेव्हा हिरवी होती रे.
आमचा तालगात गाडीतच झाला,
दोलोनच्या खिंडीत, चाकं बर्फात रुतलेली.
तीच असेल का?
मी तेव्हा गाडीकडे कुठे बघत होते,
छताला एक खिळा होता, त्याच्याकडे बघत होते.

कंदील घेऊन गेलो.
छत तर कापडाचं, केव्हाच बदललेलं.
खिळा कुठून सापडणार.

एप्रिलमध्ये, अकराव्या हँडलला,
इंजिन खोकलं आणि धरलं.
शेजारचा झानिबेक विचारतो, रंग कोणता देणार?
अजून ठरत नाही.

मागच्या बाकाखाली सकाळी
गवतात एक अंडं होतं.
कोमट.