झाकण लावून

पौषातली रात्र, धायरीच्या गच्चीवर अकरा अंश.
मृग सिंहगडाच्या टॉवरकडे कलंडला
तसं मी दुर्बिणीला झाकण लावलं
आणि कॅमेरा चालूच ठेवला.

दोन-दोन मिनिटांचे चाळीस फोटो. कशाचेच नाहीत.

इराप्पा गस्त संपवून थर्मास घेऊन वर आला.
"टोपण राहिलंय की, मॅडम."
राहिलं नाही, लावलंय.

कसं सांगावं?
चाकणला मी पिस्टन मोजते.
व्हर्निअर हातात घेतला की आधी जबडे मिटून बघायचं,
मधे काहीच नसताना तो किती दाखवतो.
तेवढं त्याचं स्वतःचं. ते वजा करून मग माप बोलायचं.
तसंच हे. निव्वळ अंधार दिला तरी
कॅमेरा काही ना काही बघतोच,
थंडीत कमी, मे महिन्यात फार;
म्हणून याच थंडीत, याच रात्री, तेवढाच वेळ.

"म्हणजे त्याच्या मनातलं," इराप्पा म्हणाला.
तसं धरा.

पडद्यावर काळं. काळ्यात करडी खसखस.
आणि उजवीकडे खाली,
पहिल्या फोटोत, दुसऱ्यात, नवव्यात,
जागचा न हलणारा एक लाल ठिपका.

मी ओळखला.
गेल्या वर्षी मृगाच्या तेजोमेघाशेजारी हाच होता.
नकाशात सापडला नव्हता; मीही फार शोधला नव्हता.
इराप्पानं त्याचं नाव ठेवलं होतं मैंदर्गी.
घरी फोन लागला की सांगायचा,
आपलं गाव वर हाय, पुण्यातनं दिसतंय.

नवले पुलाकडून ट्रकचा हॉर्न आला.
चहा निवला.
सांगितलं एकदाचं : तारा नाही तो,
कॅमेऱ्यातला एक कण बिघडलाय.

तो पडद्यावर वाकला. बराच वेळ.
"टोपण लावल्यावरबी दिसतंय की," म्हणाला,
आणि हसला.

उजाडताना दुर्बिणीच्या तोंडावर
जुना पांढरा टी-शर्ट ताणून बांधला,
कात्रजवरच्या कोऱ्या आभाळाचे पंचवीस फोटो.
त्यांत धुळीचे मेदूवडे, कोपऱ्यांना काळोखी.
इराप्पानं रुमाल काढला.
थांबा, आज पुसायचं नाही;
रात्री होती तीच धूळ हवी, जागच्या जागी.

रविवारी सगळं वजा केलं, भागलं.
मेघाच्या कडेला कधी न दिसलेली
एक बारीक चुणी उलगडली.
मैंदर्गी गेलं.

चाळिसातला एक काळा फोटो मात्र
वडगावात छापायला टाकलाय, आठ बाय दहा.
दुकानदार दोनदा विचारत होता,
मॅडम, यात नक्की काय आहे?