पांय पावतात?

खाण बंद पडली तेव्हा साखळीच्या सुपरवायझरने
बुलेट विकायला काढली.
मी नोटा मोजून दिल्या, त्याने चावी दिली नाही लगेच.
आधी वरून खालपर्यंत पाहिलं,
त्याला फार वेळ लागत नाही, चार फूट सात इंच,
आणि विचारलं, "बाय, पांय पावतात?"

पावतात म्हणजे पोचतात, कोकणीत.
आमच्या घरात, मराठीत, देव पावतो.
तेव्हापासून दोन्ही अर्थ पायांत घोटाळतात.

कायतान मेस्त्रीने सीटचा फोम कापला,
उंडो कापतात तसा, आडवा.
मागचे शॉकअप आखूड बसवले.
म्हणाला, याच्याहून खाली आता फक्त रस्ता.
तरी एका वेळी एकच पाय टेकतो,
तोही चवड्यावर.
दुसरा वर, खाजनातल्या बगळ्यासारखा.

पतसंस्थेची पिग्मी गोळा करते मी.
डिचोलीत दिवसाला साठ दुकानं, साठ थांबे.
धावताना माझी काहीच अडचण नसते,
अडचण थांबण्याची.
म्हणून गाव मला उंचवट्यांनी पाठ आहे:
फार्मसीपुढचा फुटपाथ, डाव्या अंगाने.
चंद्रावतीच्या नारळांमागचा ढासळलेला चिऱ्यांचा गडगा.
पिंपळाच्या पाराचा फक्त एक कोपरा,
बाकीचे तीन उगीच आहेत.
खुरसाची पहिली पायरी, तिथे थांबताना
मी मनातल्या मनात परवानगी मागते.

गेल्या वर्षी हॉटमिक्स घातलं.
रस्ता चार बोटं वर आला,
म्हणजे फुटपाथ चार बोटं खाली गेला.
लोकांनी नारळ फोडला, पेढे वाटले.
मी पेढा खाल्ला
आणि नकाशा पुन्हा पहिल्यापासून काढायला घेतला.

भावाची मारुतीही चालवते, दोन उशा घेऊन,
एक खाली, एक पाठीला.
दोडामार्गच्या नाक्यावर हवालदाराने अडवलं.
म्हणाला, आत कुणी दिसेना,
वाटलं गाडी आपली आपणच निघाली.
मी लायसन्स दाखवलं.
त्याच्यावर उंची छापत नाहीत, हे एक बरं.

शनिवारी नार्व्याहून फेरीने दिवाडीला जाते.
तिथे रोझालिनाचे वीस रुपये असतात,
पदराच्या नव्हे, बायबलच्या घडीत.
भरतीला धक्का सपाट, सुकतीला घसरडा, शेवाळी,
आणि फेरीवर फुटपाथ नसतो.
पहिल्या सुकतीला मी आडवी झाले, बुलेटसकट.
माणसं धावली. थांबा म्हटलं.
सीटला पाठ लावली, हँडल धरलं,
उलट्या पावलांनी रेटत उभी केली तिला.
त्याला उंची लागत नाही, मांड्या लागतात.
कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. एकाने विचारलं,
स्कूटर का नाही घेत?

पुढच्या शनिवारी बाबलो खलाशाने
ट्रकच्या चाकाला लावायचा ओंडका
कठड्याशी आणून ठेवला, जिथे माझा डावा पाय येतो तिथे.
माझ्याकडे पाहिलंही नाही.
दोर गुंडाळत होता.
मीही आभार मानले नाहीत, दोन वर्षं झाली.

परवा बाबलो रजेवर होता.
ओंडका मात्र जागेवर,
आणि त्याच्यावर उभा एक पर्यटक
नदीचा फोटो काढत, सहा फुटांचा तरी असेल.
मी हॉर्न दिला.
तो खाली उतरला.