जमाखर्च

योएन्सू, डिसेंबर. तीनलाच दिवस संपला.
राउनी एकच खाच मोजते आहे,
सहाशे नॅनोमीटर रुंद, कडा किंचित कललेली.
बाकीच्या मोजायच्या नसतात:
डावी सीमा उजवीला जोडली
की एकीच्या अनंत होतात.
शितावरून भात,
आणि भात न संपणारा,
कुठे चरा नाही, धूळ नाही, काठ नाही.

वरून लाल प्रकाश सोडला.
काही परतला, काही आरपार गेला,
थोडा तिरका, ठरलेल्या कोनांत.
काच काही गिळत नाही,
बेरीज एक यायला हवी.

आली एक पूर्णांक शून्य दोन.

जाळी बारीक केली, पदं वाढवली,
तरी तेच.
गेला त्याहून जास्त उजेड बाहेर आलाय,
आणि खिडकीखाली नदी काठाकाठाने गोठतेय
अंधारात.

चूक सापडते. एक उणे चिन्ह,
दोनशे चौदाव्या ओळीत.
बोट कळीवर.
ओस्मो कोट चढवत विचारतो, निघायचं?

निघू. हे उद्या.

खोलीतला दिवा ती मालवते,
स्क्रीन तशीच ठेवते:
दोन टक्के,
कुणाच्याच खात्यात नसलेले.