दुडकी

फोनला रेंज मिळते ती फक्त टेकडीवर.
म्हणून रोज सकाळी चुलीत शेणी सरकवून,
वही कोटाच्या आत खुपसून मी चढते,
दगडांच्या राशीआड वारा चुकवत उभी राहते
आणि तालुक्याच्या दवाखान्यातल्या डुलमाला
बाबांची रात्र वाचून दाखवते.

पहिल्या भेटीत तिनं विचारलं होतं,
शून्य ते दहा, किती दुखतंय?
बाबा हसले. चाळीस वर्षं शर्यतीचे घोडे घडवलेला माणूस.
म्हणाले, आकड्यांना पाय नसतात, बाई.
मग चालींवर ठरलं.
कदम म्हणजे सोसवतं.
दुडकी म्हणजे बोलताना दात आवळावे लागतात.
चौखूर म्हणजे
मला हाक मारायलाही सवड नाही.

‘काल रात्री?’
‘दोनपर्यंत कदम. कूस बदलताना चौखूर.’
‘मधली गोळी दिलीस?’
‘दिली. अर्ध्या तासानं दुडकीवर आला.’
‘मग कूस बदलायच्या आधी देत जा.
उधळल्यावर मागे धावण्यापेक्षा
उभा असतानाच लगाम धर.’

गाल्सन शहरातून फोनवर चिडतो:
आत्तापासून मॉर्फिन? मग शेवटाला काय देशील?
हे मी डुलमाला सांगते. ती म्हणते,
हिवाळ्यासाठी राखायला ते काय वाळवलेलं मांस आहे?
त्याला म्हण, एक रात्र इथे झोपून जा.

आमच्यात परसाकडे जायचं असलं की म्हणतात,
‘घोडा बघून येतो.’
‘बघितला का घोडा?’ डुलमा विचारते.
‘तीन दिवस नाही!’ मी वाऱ्यात ओरडते,
आणि खाली शेळ्या वळणारा बात्सुख मान वर करतो.
संध्याकाळी तो दाराशी ठेवून जातो
घोडीच्या आंबवलेल्या दुधाचा बुधला, काही न बोलता.
‘दोन घोट चालतील,’ डुलमा म्हणते,
‘पण जुलाबाची गोळी सोडू नकोस.
मॉर्फिन सुरू, तोवर तीही सुरू.’

कावीळ चढली तशी खाज आली.
नखं कापली. लोकरीचा सदरा काढून सुती घातला.
मी गार फडका पाठीवरून फिरवते
तर बाबा, डोळे मिटलेले, शिकवतात:
‘उलटा नको. मानेकडून खाली.
घामेजलेल्या घोड्यावर पातं कसं फिरवतात?’
मी पुन्हा मानेपासून सुरू करते.
फासळ्या मोजता येतात. मी मोजत नाही.

धाप लागते तेव्हा उशा रचून टेकवायचं,
दोरी ओढून छपराची झडप उघडायची,
गालांना वारा लागू द्यायचा.
शेजारीण म्हणते, थंडी बाधेल.
आता काय बाधायचं राहिलंय, बाबा म्हणतात,
आणि त्या गोल तुकड्यातल्या आभाळाकडे
तोंड उघडं ठेवून बघत राहतात.
ओठ सुकतात. मी बोटाला ओली पट्टी गुंडाळते.
पाणी नको. चहा, खारट, दुधाचा. तोच थेंब थेंब.

मग घशात ती घरघर.
मी धावत टेकडी चढले, वहीसुद्धा विसरून.
‘कुशीवर वळव,’ डुलमा म्हणाली.
‘ती घरघर बहुधा त्यांना ऐकू येत नाही.
तुला येते. तुझं मी काय करू?’
फोनवर बराच वेळ फक्त वारा होता.

दुसऱ्या दिवशी मी चढले नाही.
फोन आला नाही म्हणून दुपारी ती मोटारसायकलवर आली,
पापण्यांवर धूळ.
आधी बाबांजवळ बसली, मग चहा घेतला,
मग उरलेल्या गोळ्या आम्ही ताटलीत ओतून मोजल्या.
अकरा. तिनं सही केली, मी केली.

वहीच्या शेवटच्या ओळीवर पेन टेकवून तिनं विचारलं,
‘पहाटे कुठली चाल?’
मला सांगता येईना.
दारातून बात्सुख म्हणाला,
‘दाव्यावरचे घोडे उभ्यानं झोपले होते. सगळे.’
ती थोडी थांबली
आणि तेच लिहून घेतलं.