फजितीचा तक्ता

डुलुथच्या चढावर, मार्लिसच्या तळघरात
दर गुरुवारी आम्ही पाच जण जमतो,
भट्टीच्या उबेला, वाळत घातलेल्या मोज्यांखाली.
बाहेर सरोवर गोठत चाललंय.
खनिजाची शेवटची बोट परवाच भोंगा देऊन गेली.

माझ्या डावीकडे वाइनो.
चाळीस वर्षं धक्क्यावर बोटींचे दोर बांधले त्याने.
इथे तो बुटका योद्धा, दाढी कमरपट्ट्यात खोवलेली,
आणि कुऱ्हाडीचं नाव हिल्या.
सासूबाईंचं.

वीस पैलूंचा फासा.
वीस पडले की मार्लिस उभी राहते,
कोणती बरगडी, कुठून कुठवर, सगळं हातवाऱ्यांनी सांगते
(तीस वर्षं नर्स होती, तिला बरगड्या पाठ).
एक पडला की उभी राहत नाही.
नुसता खण उघडते. तक्ता काढते.

तक्ता तिच्या रोलंडने टाइपरायटरवर बडवलेला,
खाण बंद होती त्या हिवाळ्यात.
शंभर ओळी, शंभर तऱ्हेच्या फजित्या.
सतरा: ढालीचा पट्टा सुटला, पाठोपाठ विजारीचाही.
एकेचाळीस: पाय स्वतःच्याच दाढीत.
अठ्ठावन्नवर कॉफीचा डाग आहे,
तिथे मार्लिसच्या मनात येईल ते.

गेल्या वर्षी सिग्नेला लागोपाठ दोनदा वीस पडले,
ड्रॅगन एका घावात आडवा.
आम्ही असे ओरडलो की कुत्रं जिन्याखाली जाऊन बसलं.
पण ती गोष्ट एकदाच सांगून झाली.
सिग्नेची विजार मात्र
अजून दर गुरुवारी सुटते.

सप्टेंबरपासून वाइनोचा हात कापतो.
दान टाकण्याआधी, आणि टाकून झाल्यावरही.
तेव्हापासून आम्हाला फाशाच्या खोड्या दिसायला लागल्या:
वहीला टेकलाय, धरायचा नाही.
कडेवर अडला, परत टाक.
टेबल हललं रे, माझाच गुडघा लागला.
तीन महिन्यांत वाइनोला एकदाही एक पडला नाही.
ज्याने उभ्या जन्मात
एका दोराचा हिशेब चुकवला नाही,
तो काही बोलला नाही.
फक्त हल्ली विनोद करत नव्हता.

आज पुलावर राक्षस होता, खाली नदी,
आणि वाइनोचा फासा हातातून निसटला,
टेबलावरून गेला,
घरंगळत भट्टीखाली.

मार्लिस गुडघ्यांवर बसली. मग कोपरांवर.
दुखरं कंबर, तोंडात टॉर्च, गाल फरशीला.
बराच वेळ भट्टीचीच घरघर.
आम्ही सगळे तिच्या स्वेटरच्या पाठीकडे बघत होतो.
तिथून ती काहीही सांगू शकत होती.
वीस म्हणाली असती तरी
आमच्यापैकी कोण वाकणार होतं?

तोंडातून टॉर्च काढून ती म्हणाली,
"एक."

"फरशी तिरकी आहे तिथे," सिग्नेने सुरुवात केली.
"धरा," वाइनो म्हणाला.

तक्त्यासाठी दहा पैलूंचे दोन फासे
त्याने टोपीत टाकले, टोपी हलवली,
म्हणजे ती आपोआप हललीच.
त्रेसष्ट.
शस्त्र हातातून सुटून सर्वांत जवळच्या मित्राला लागते.

सर्वांत जवळचा मित्र मी होतो.
जादूगार, अंगात सुती झगा, जीव चार गुणांचा.
हिल्या फिरत फिरत आली.
माझ्यापाशी एक मंत्र शिल्लक होता, दिवा लावायचा.

"माफ कर, लेव्ही," वाइनो म्हणाला,
आणि हसायला लागला.
आधी खांदे, मग पोट, मग खुर्ची.
आता त्याचं सगळं अंगच हलत होतं,
त्यात हात कुठला ते कळेना.

मी पेन्सिल घेऊन नवा माणूस लिहायला बसलो.
वाइनोने कॉफी ओतली, निम्मी बशीत.
परत ओत, असं कुणी म्हटलं नाही.

भट्टीकडून मार्लिसचा आवाज आला:
झालं असेल हसून,
तर मला कुणीतरी उठवा.
दोघं लागले.