आठ सेकंद

रियेकात, बंद पडलेल्या कागद कारखान्यामागे
एकशे चौतीस पायऱ्या चढलं की आमची इमारत.
लिफ्ट आहे. लिफ्टवर पाटी आहे: उद्या दुरुस्ती.
पाटी उन्हानं पिवळी पडलीय.

मी कॉफीची यंत्रं दुरुस्त करतो.
हल्लीची यंत्रं आपलं आपणच सांगतात काय दुखतंय,
आणि बहुधा खोटं सांगतात.
पडद्यावर येतं: पाणी संपलं.
पाणी काठोकाठ असतं.
अडकलेला असतो एक दाणा.

तर मॅच.
माझा टीव्ही इंटरनेटवरचा.
म्हणजे चेंडू तिकडे मारला जातो,
मग समुद्राखालून कुठेसा जातो,
कुठल्याशा गार खोलीत कुणाला तरी सलाम ठोकतो,
मी पैसे भरलेत का ते बघून येतो
आणि मग इकडे गोल होतो.
वरातीमागून घोडं.

खालच्या मजल्यावर नेवेंकाबाई.
त्यांचा अँटेना छतावर, नवऱ्यानं
धुराड्याला तारेनं बांधलेला.
त्यांना सगळं हवेतून थेट, भट्टीतल्या पावासारखं गरम.
त्या किंचाळल्या की मला कळायचं.
माझ्याकडे आमचा गोलकीपर अजून
हातमोज्यांवर थुंकत असायचा,
आणि मी त्याला म्हणायचो, राहू दे रे बाबा.

शनिवारच्या गाण्यांच्या स्पर्धेतही तेच.
मानेवर गोगलगाय गोंदवलेली ती मुलगी
डोळे मिटून निकालाची वाट बघतेय,
संगीत उगाच ताणलंय,
आणि खालून नेवेंकाबाईंचा उसासा.
गेली बिचारी.
तिला माहीत नाही, मला माहीत आहे.
आठ सेकंदांचा ज्योतिषी मी,
कुणाच्या उपयोगाचा नाही.

एवढ्या वेळात काय होतं म्हणा.
दूध उतू जातं.
फोन तीन टक्क्यांवरून दोनवर येतो.
सान्या बॅग घेऊन निघाली,
तेव्हा खालून कुणी ओरडलं नव्हतं.

मार्चमध्ये त्यांचा नातू तोनी आला,
काळा डबा लावून गेला.
अँटेना तसाच राहिला, त्यावर सीगल बसतात.
पुढच्या मॅचला गोल झाला, मी ओरडलो,
आणि खाली शांतता.
मग, माझं ओरडून संपल्यावर, मी खुर्चीत बसल्यावर,
त्यांची किंकाळी आली,
जुन्या पत्रासारखी.

म्हणजे आता त्या माझ्याही मागे.
म्हणजे बातमी फोडणारा मी.
लाज वाटली. बाई एकट्या, ऐंशीच्या घरातल्या,
त्यांचा गोल आपण कशाला खावा?
तेव्हापासून ओठ आवळून बसायला शिकलो.
कॉर्नरला उशी तोंडावर.
ऑफसाइडला बाथरूममध्ये.

तीन मॅचेस झाल्या.
चौथीला जमिनीखालून झाडूचा दांडा: ठक ठक ठक.
मी खाली गेलो, मोज्यांवरच.
दारात त्या, हातात चष्मा, काच तडकलेली.
"लोव्रो, तुला काय धाड भरलीय? आजारी आहेस?"
नाही, म्हटलं, तुमची मजा जायला नको म्हणून.
"मजा कसली! पेनल्टी आली की माझी छाती धडधडते.
तू ओरडलास तर मला कळेल,
मग मी निवांत बघीन.
इतकी वर्षं तुझं बरं होतं. आता माझी पाळी."

इतकी वर्षं माझं बरं होतं.
हे मला कुणी सांगितलंच नव्हतं.

आता आमचं ठरलंय.
गोल झाला तर चप्पल जमिनीवर एकदा.
हुकला तर दोनदा.
गाण्यांच्या स्पर्धेला काही नाही,
ते त्यांना स्वतःच भोगायचंय म्हणे.

काल पेनल्टी होती, शेवटच्या मिनिटाची.
आमच्या पोरानं चेंडू थेट गोदीत मारला.
मी चप्पल उचलली.
एकदा आपटली.
दुसऱ्यांदा आपटायला हात वर गेला,
आणि तिथंच थांबला.
खालून नेवेंकाबाई
हसल्या.