सिमेंट कुणाकडे राहिलं

तार्तूच्या प्रयोगशाळेत हेल्वे
उपटलेल्या दाढांवर धातूच्या टोप्या बसवते.
गार काचेवर भुकटी, द्रव,
घोटते साईसारखं होईतो.
मग अंगठ्याचा दाब. सात मिनिटं.

यंत्र ओढतं.
तीनशे दहा न्यूटन. दोनशे चौऱ्याऐंशी.
एक दाढच मोडली मधोमध,
टोपी काही सोडली नाही तिनं.
तिच्यापुढे रेघ.

सुटलेल्यांचं भिंगाखाली
एवढंच बघायचं:
सिमेंट कुणाकडे राहिलं,
धातूकडे की दाताकडे.

बाहेर नदी गोठलेली.
खिशातल्या जुडग्यात अजून
उर्मासच्या होडीघराची किल्ली;
होडी त्यानं विकली तीन हिवाळ्यांमागं.

ही शेवटची.
दोन्हीकडे थोडं थोडं पांढरं.
तक्त्यात रकाने दोनच.
हेल्वे पेन्सिल
मधल्या रेघेवर टेकवून बसते.